शाळेनंतरचे तीन तास आणि तुमचा राखीव निधी

प्रश्न : आमची मुलं 9 आणि 6 वर्षांची. निधी आटल्यामुळे शाळेने शाळा सुटल्यानंतरचे बुद्धिबळ, संगीत आणि विज्ञानाचे वर्ग पुढच्या सत्रापासून बंद केले आहेत. आम्ही घरी पोचतो शाळा सुटल्यावर तीन तासांनी. काही पालक मिळून तेच शिक्षक ठेवणार आहेत आणि वर्षभराची वर्गणी आगाऊ मागतायत. ती राखीव निधीतून भरावी, निवृत्तीची बचत दोन वर्षं थांबवून खासगी क्लास लावावेत, की पत्नीने अर्धवेळ काम घ्यावं?

उत्तर : वर्गणी भरा, पण एकाच सत्राची, आणि राखीव निधीला हात न लावता.

शाळा तुम्हाला एकाच पावतीत दोन गोष्टी देत होती : मुलांवर लक्ष ठेवणारं कुणीतरी आणि छंद. आता त्या वेगळ्या करून पाहा. 6 वर्षांच्या मुलाला तीन तास एकटं ठेवता येत नाही, म्हणून सांभाळायचा खर्च टळणारा नाही. तो घरभाड्याच्या रांगेत बसतो. संगीत आणि बुद्धिबळ मात्र निवडीचा भाग. पाच दिवस तीन-तीन वर्ग लावून सांभाळायची सोय करणं हा सगळ्यात महागडा मार्ग, कारण सांभाळणाऱ्या माणसापेक्षा शिकवणाऱ्याचा तास जवळजवळ नेहमीच महाग असतो. आठवड्यातले पाचही दिवस सांभाळायची साधी सोय आणि त्यातले दोन दिवस मुलांना खरोखर आवडणारा एकेक वर्ग, असा हिशोब मांडून पाहा. कोणता वर्ग ठेवायचा हे मुलांना विचारा. तीनातला एखादा ते केवळ मित्र जातो म्हणून करत असण्याची शक्यता बरीच आहे.

राखीव निधी म्हणजे तीन ते सहा महिन्यांचा आवश्यक खर्च. नोकरी गेली, कुणी आजारी पडलं, तर त्यासाठी. हा खर्च आधीच ठाऊक आहे आणि पुढच्या वर्षीही येणार आहे. दर वर्षी येणारा खर्च मासिक उत्पन्नातूनच भागायला हवा. नाही भागला, तर वर्षभराने हाच प्रश्न पुन्हा उभा राहील आणि तेव्हा निधीही नसेल.

निवृत्तीची बचत थांबवण्याच्या मी विरोधात आहे. वर्षाला 8 टक्के परतावा धरला (हमी नव्हे, गृहीतक), तर आज गुंतवलेल्या 100 चे 20 वर्षांनी साधारण 466 होतात. शिवाय दोन वर्षांसाठी थांबवलेली बचत तिसऱ्या वर्षी आपोआप सुरू होत नाही. कंपनी तुमच्या हप्त्याइतकीच भर घालत असेल, तर तीही बुडेल. फारच ओढाताण झाली, तर यंदा हप्ता वाढवू नका, पण बंद करू नका.

पालकांच्या गटाचं गणित नीट समजून घ्या. शिक्षकांचं मानधन ठरलेलं असतं, मुलांची संख्या नसते. 20 मुलांत वाटलेला खर्च माणशी 5 असेल आणि 8 जण मध्येच गळले, तर उरलेल्या 12 जणांवर तो 8.33 होतो, म्हणजे दोन तृतीयांश वाढ. ती पाहून आणखी काही बाहेर पडतात. म्हणून आगाऊ पैसे सत्रापुरतेच द्या, खातं दोघांच्या सहीचं असू द्या आणि वर्ग बंद पडला तर उरलेले पैसे कसे परत मिळतील हे कागदावर आधीच घ्या. ओळखीतली माणसं आहेत म्हणून कागद नको असं कुणी म्हणालं, तर कागद घ्यायला तेच पुरेसं कारण आहे. शाळेला गटाने एकत्र जाऊन खोलीही मागा. शाळेची अडचण मानधनाची असेल, तर संध्याकाळी रिकामी असलेली खोली मिळू शकते आणि जागेचं भाडं वाचतं. त्याच भेटीत वर्ग कायमचे बंद झालेत की या वर्षापुरते, आणि त्यांवर नेमका किती खर्च होत होता, हे लेखी विचारा. आकडा हाती आला की कधी कधी एखादा वर्ग वाचवण्याइतकी रक्कम पालकच उभी करू शकतात.

अर्धवेळ कामाबद्दल. हा हिशोब दरवेळी आईच्याच पगारातून का वजा होतो, कळत नाही; सांभाळायचा खर्च दोघांच्या एकत्र उत्पन्नासमोर ठेवा. कर वजा जाता हातात किती कमी येईल, निवृत्तीच्या वर्गणीत किती घट होईल, बढती किती लांबेल, हे सगळं एका बाजूला मांडा. प्रवासाचा खर्चही निम्मा होईलच असं नाही. रोज अर्धा दिवस जायचं असेल, तर तो तेवढाच राहतो. त्याआधी दोघांनीही आपापल्या कार्यालयात आठवड्यातून एकेक दिवस लवकर निघण्याची किंवा घरून काम करण्याची मुभा मागा. दोघांना मिळाली, तर पाचातल्या तीनच दिवसांची सोय विकत घ्यावी लागेल.

हे सगळं करूनही महिन्याचा ताळमेळ बसला नाही, तर आधी मुलांना कमी आवडणारा वर्ग सोडा, मग दुसरा. क्रेडिट कार्डावर फी भरून तो चालू ठेवू नका.