स्पीडवेवर पोट भरेल का? इप्सविचला येणाऱ्या सांगलीकर मेकॅनिकला उत्तर

भावा, तुझा प्रश्न वाचला. वहिनींना इंग्लंडमधल्या इप्सविचच्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी लागलीय, फेब्रुवारीत निघायचंय, सांगलीतलं टू-व्हीलरचं गॅरेज धाकट्या भावाकडं सोपवून तू सोबत येणार, आणि स्पीडवेचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या बाईक रेसचे, व्हिडिओ बघून डोक्यात बसलंय की तिथल्या टीमकडं मेकॅनिक म्हणून लागायचं. मी इप्सविचातच राहतो, मूळचा इचलकरंजीचा, सीझनमध्ये गुरुवारची मॅच सहसा चुकवत नाही आणि पिट्समधल्या (बाईक तयार करतात त्या जागेतल्या) दोनचार लोकांशी ओळख आहे, त्यामुळं माहीत आहे ते सगळं लिहितो, लांबलं तर सांभाळून घे.

आधी कडू ते सांगून टाकतो. स्पीडवेच्या भरवशावर घरभाडं निघेल असं धरून येऊ नको. मोटोजीपीसारखी इथं टीमची फॅक्टरी, टीमच्या बाईक, टीमचे पगारी मेकॅनिक अशी भानगड नसते. क्लब ट्रॅक सांभाळतो, मॅच भरवतो, तिकिटं विकतो आणि रायडरला तो जेवढे पॉइंट काढेल त्या हिशोबानं पैसे देतो. बाईक रायडरच्या, व्हॅन रायडरची, इंजिन ट्यूनरकडं पाठवायचं बिल रायडरचं, टायर-चेन-क्लचप्लेटा त्याच्याच, आणि मेकॅनिकला द्यायचे तेसुद्धा त्याच्याच खिशातनं. अंगावर टीमचा रंग असतो पण प्रत्येकजण स्वतःचा धंदा चालवतोय. त्यामुळं क्लबच्या ऑफिसला बायोडाटा पाठवून काही होणार नाही, ते वाचतील पण आणि विसरतील पण. मोठ्या रायडरकडं पगारी माणूस असतो, तो पण बऱ्याचदा जुना ओळखीचा. खालच्या पोरांकडं बाप, काका, शाळेतला दोस्त हेच मेकॅनिक.

व्हिसाचं म्हणशील तर तुझी अडचण नाही. नर्सच्या व्हिसावर जोडीदार येऊ शकतो (केअर वर्करांचं २०२४ पासून बंद झालंय, त्यात गोंधळू नको, कुणीतरी एजंट घाबरवेल), आणि त्या डिपेंडंट व्हिसावर नोकरी कर, स्वतःचं काम टाक, सगळं चालतं, फक्त प्रोफेशनल खेळाडू किंवा कोच म्हणून काम करता येत नाही. म्हणजे पाना हातात घेऊन पिट्समध्ये उभं राहायला हरकत नाही, पैसे घेऊन रेस मारायला आहे. तू विचारलंयस की स्वतः चालवून बघता येईल का, तर हौशी लोकांसाठी प्रॅक्टिसचे दिवस असतात, स्कनथॉर्पचा ट्रॅक त्यासाठी प्रसिद्ध आहे, पण आधी दोन सीझन बाहेरनं बघ. ह्या बाईकला ब्रेक नसतो. पुढचा पण नाही, मागचा पण नाही.

आता खेळ नीट समजून घे, नाहीतर पहिल्या दिवशी जत्रेतला मौत का कुआं बघितल्यासारखं तोंड उघडं ठेवून परत येशील आणि स्कोअर काय झाला ते कळणार नाही. एका रेसला हीट म्हणतात. चार रायडर, दोन ह्या टीमचे दोन त्या टीमचे, चार लॅप, कायम डावीकडं वळायचं, साधारण मिनिटभरात खेळ खल्लास. पहिल्याला ३, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १, चौथ्याला भोपळा. घरच्या टीमची हेल्मेटं लाल आणि निळी, पाहुण्यांची पांढरी आणि पिवळी, त्यामुळं धुरळ्यात पण ओळखू येतात. मॅचला १५ हीट, एका हीटचे ६ पॉइंट, म्हणजे सगळे मिळून ९०, ४६ झाले की मॅच खिशात. आपले दोघं पहिले-दुसरे आले तर ५-१, आणि खरी मजा तीच, कारण पुढचा रायडर नुसता पळत नाही, मागं बघतो, आपला जोडीदार बाहेरनं येतोय का, आतली लाईन विरोधकाला बंद कशी करायची, हे सगळं घसरत्या बाईकवर. एकट्याच्या रेसपेक्षा टीम रेस मला त्यामुळंच जास्त आवडते.

गेटवर म्हणजे स्टार्टला अर्धी रेस ठरते. ट्रॅकवर आडवा ताणलेला टेप वर उडाला की क्लच सोडायचा, त्याआधी टेपला हात लागला तर शिक्षा. कुणी पडलं आणि लाल दिवा लागला तर ज्याच्यामुळं थांबलं त्याला रेफरी बाहेर काढतो आणि रेस पुन्हा होते. रायडरच्या पॉइंटांचं मॅचमागं ॲव्हरेज काढतात, आणि टीम बांधताना सगळ्यांच्या ॲव्हरेजच्या बेरजेला मर्यादा असते, म्हणून एकच क्लब सातच्या सात दादा रायडर घेऊन बसू शकत नाही. एखादा जखमी झाला तर त्याच्या हीट बाकीचे वाटून घेतात, नाहीतर दुसऱ्या क्लबचा रायडर एका मॅचपुरता गेस्ट म्हणून आणतात! म्हणजे काल ज्याला शिव्या घातल्या तो आज आपल्या रंगात. मला सुरुवातीला हे फार विचित्र वाटायचं, अजून वाटतं खरं तर, इथल्या लोकांना त्याचं काहीच नाही.

सीझन मार्चच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. वर प्रीमियरशिप, त्याखाली चॅम्पियनशिप, त्याखाली शिकाऊ पोरांची नॅशनल डेव्हलपमेंट लीग. इप्सविच विचेस वरच्या लीगमध्ये, ट्रॅक फॉक्सहॉल स्टेडियम, शहराच्या पूर्वेला. ह्या क्लबनं १९७५, १९७६, १९८४ आणि १९९८ ला लीग जिंकलीय, आणि स्टँडमधली म्हातारी मंडळी ७५-७६ बद्दल असं बोलतात की कालचीच मॅच. वरच्या रायडरांचा आठवडा ऐकशील तर चक्कर येईल: सोमवारी मँचेस्टर, मंगळवारी स्वीडन, गुरुवारी इप्सविच, रविवारी पोलंड, मधे विमानं, आणि देशादेशात ठेवलेल्या वेगवेगळ्या बाईक, व्हॅन, माणसं. खरा पैसा पोलंडमध्ये आहे, तिथं हा खेळ फुटबॉलच्या खालोखाल चालतो. इथले बरेच रायडर प्रीमियरशिप आणि चॅम्पियनशिप दोन्हीत पळतात तेव्हा कुठं हिशोब जुळतो, आणि त्यातले कित्येकजण दिवसा प्लंबिंग, बांधकाम, असलं काम करणारे.

आणि पाऊस. अरे पाऊस म्हणजे कृष्णेच्या पुराचा नव्हे, इथला चिपचिप्या, दिवसभर मनात येईल तसा पडणारा, आणि एप्रिल-मे मध्ये मॅच रद्द व्हायला तेवढा पुरतो. माती जड झाली की बाईक धरता येत नाही. मॅच नाही म्हणजे पॉइंट नाही, पॉइंट नाही म्हणजे पैसे नाहीत, पण व्हॅनचं डिझेल तर जळलंय. दुखापतीचं पण तसंच, हाड मोडलं तर हॉस्पिटल एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) बघतं पण घरी पगार येत नाही, म्हणून स्टेडियममध्ये बेनेव्हलंट फंडासाठी (जखमी रायडरांच्या मदतनिधीसाठी) बादल्या फिरतात, त्यात दोनचार पौंड टाकत जा.

आता तुझ्या आवडीचं. बाईक ५०० सीसी, सिंगल सिलिंडर, मिथेनॉलवर चालणारी, एकच गिअर, किमान वजन ७७ किलो. इंजिनं जास्त करून इटालियन जीएम, आणि दुसरं जुनं नाव जावा! हो, तीच चेक जावा, जिच्या लायसन्सवर म्हैसूरला आपली येझदी बनायची. किक नाही, सेल्फ नाही, धक्का मारूनच सुरू करायची, आणि हा धक्का मारायचं काम मेकॅनिकचं. मनगटाला एक दोरी बांधलेली असते, रायडर पडला की ती निघते आणि इंजिन बंद.

एक रायडर हीट संपवून पिट्समध्ये आला की काय चालतं ते कठड्यापाशी उभं राहून बघ. बाईक स्टँडवर चढते, कुणीतरी हाताने आणि ब्रशने इंजिनाच्या फिन्समधली लाल माती काढतो, दुसरा चेन बघतो, टाकीत परत चार लॅपपुरतं मिथेनॉल. टायरची एक कड गोल झाली असेल तर चाक काढून उलटं बसवायचं, म्हणजे दुसरी ताजी कड मातीला लागते. ट्रॅक निसरडा झालाय असं रायडर म्हणाला तर मागचं स्प्रॉकेट बदलायचं, एकदोन दात इकडंतिकडं, आणि हे सगळं दोन मिनिटांची लाईट (म्हणजे स्टार्टला यायला दोनच मिनिटं उरली अशी खूण) लागायच्या आत. रायडर बोलत नाही फारसा, हाताने खूण करतो. मधेच ट्रॅक्टर फिरवून ट्रॅक सारखा करतात तेवढीच उसंत. सांगलीत तू दिवाळीच्या आदल्या दिवशी गिऱ्हाईकं दारात उभी असताना काम केलंयस ना, मग जमेल तुला. फक्त मिथेनॉलशी जपून, त्याची ज्योत उजेडात दिसत नाही, आणि मॅच झाल्यावर टाकी-कार्बोरेटर रिकामं करून धुवायलाच लागतं नाहीतर आतनं खातं.

शिरायची वाट माझ्या मते एकच, खालच्या लीगचा एखादा पोरगा धर. आपल्या सफोक काउंटीतच मिल्डनहॉलजवळ वेस्ट रो गावाला ट्रॅक आहे, तिथली पोरं वरच्या लीगमध्ये जायला धडपडत असतात. प्रीमियरशिपच्या प्रत्येक टीमला एक तरुण ब्रिटिश रायडर, रायझिंग स्टार म्हणून, घ्यावाच लागतो, तिथं जायची त्यांची इच्छा असते. अशा पोराच्या बापाला जाऊन सांग की मी मेकॅनिक आहे, शनिवार-रविवार मोकळा आहे, पैसे नकोत. लगेच पाना देतील असं नाही, आधी माती धुवायला देतील. धू. चहा पाज. व्हॅन चालवायला माणूस हवाच असतो आणि भारतातलं लायसन्स इथं पहिले १२ महिने चालतं, त्याच्या आत इथली टेस्ट देऊन टाक, ढकलू नको, तारखा लवकर मिळत नाहीत.

पोटासाठी मात्र आठवड्याची नोकरी गॅरेजमध्येच बघ. बाईकपेक्षा कारची कामं जास्त आहेत, तीन वर्षांवरच्या प्रत्येक गाडीला दरवर्षी एमओटी टेस्ट (गाडी रस्त्यावर चालवण्यालायक आहे का ती तपासणी) लागते त्यामुळं गॅरेज रिकामं बसत नाही. मालकाला आधीच सांग की गुरुवारी पाचला निघणार, उगीच नंतर कटकट नको.

अजून एक, जे इथं कुणी आनंदानं सांगत नाही. हा खेळ आकसतोय. १९२८ ला लंडनबाहेर हाय बीचला पहिली मोठी रेस झाली तेव्हा लोक रेटारेटी करून आले, नंतर वेम्बली स्टेडियम भरायचं. आता कॉव्हेंट्रीचं ब्रँडन स्टेडियम गेलं, स्विंडन गेलं, पीटरबरो आणि वोल्व्हरहॅम्प्टन २०२३ च्या सीझननंतर बंद झाले, बहुतेक ठिकाणी कारण तेच, जागा क्लबची नाही, मालकाला तिथं दुसरं काहीतरी करायचंय. उलट मँचेस्टरला २०१६ मध्ये खास स्पीडवेसाठी नवीन स्टेडियम झालं आणि ऑक्सफर्ड २०२२ ला परत सुरू झालं, म्हणजे मेलं पण नाही. पण दर हिवाळ्यात कुठला क्लब उरला, कुठला वर-खाली गेला हे बघूनच पुढचं ठरवायचं, आणि म्हणून नोकरी सोडून ह्यात उडी मारू नको असं मी इतकं घोकतोय.

येताना जाड जॅकेट आण, एप्रिलमधल्या रात्री साडेसातची मॅच म्हणजे हाडं गोठतात. तिकीट वीस पौंडांच्या वरच पडतं. आत गेल्यावर प्रोग्रॅम आणि पेन घे, प्रत्येक हीटचा निकाल स्वतः लिहायचा असतो, शेजारची आजी चुकलास तर सांगेल. दोन्ही टीमचे लोक एकत्रच बसतात, भांडणं नाहीत. वळणावर कठड्याजवळ उभा राहिलास तर तोंडावर माती येणार, वहिनींना तिथं नेऊ नको, सरळ रेषेच्या स्टँडमध्ये बसव. त्यांची गुरुवारी रात्रपाळी असेल तर मला कळव, माझ्या गाडीत एक जागा असते.