पिस्तुलावरचा रेड डॉट १० यार्डला झिरो करू की २५ ला?

तुम्ही विचारलंय की यूएसपीएसएच्या (अमेरिकेतली प्रॅक्टिकल शूटिंगची संघटना) कॅरी ऑप्टिक्स गटात खेळायचं म्हणून नाइन एमएम पिस्तुलावर पहिल्यांदाच रेड डॉट (काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट) बसवलाय, रेंजवर कोणी म्हणतं १० यार्डला झिरो कर (म्हणजे त्या अंतरावर गोळी डॉटवरच लागेल असं जुळव), कोणी म्हणतं २५ ला, आणि सध्या सगळे शॉट डावीकडे खाली पडतायत तर डॉट सरकवणारा स्क्रू नक्की किती क्लिक (टप्पे) फिरवायचा. मी टेक्सासमध्ये सहा वर्षं याच डिव्हिजनला मॅच खेळतोय, त्याआधी पुण्यात बालेवाडीला १० मीटर एअर पिस्टल मारायचो. माझं उत्तर २५ यार्ड, तेही हात टेकवून. आणि डावीकडे खाली पडणाऱ्या शॉटसाठी आत्ता एकही क्लिक फिरवू नका.

आधी त्या डावीकडे-खालीचं सांगतो, कारण मी नेमकी तीच चूक केली होती. आपल्याकडे पिस्तुलावर डॉट बघायलाच मिळत नाही, आयएसएसएफच्या (जागतिक नेमबाजी संघटना) पिस्टल प्रकारांत साधी उघडी साइटच चालते आणि नाइन एमएम तर भारतात सामान्य माणसाला बंदच आहे, त्यामुळे जुन्या ओळखीत विचारायला कोणी नव्हतं. मी आपला १० यार्डला उभा राहून मारत होतो, ग्रुप दोन इंच डावीकडे आणि थोडा खाली. मला वाटलं साइट चुकलीये, म्हणून वीसेक क्लिक उजवीकडे, थोडे वर, आणि लागलं की सगळं मध्यावर! पुढे मॅचमध्ये २० यार्डावर एक टार्गेट, उजवी बाजू नो-शूटने (ज्याला गोळी लागली की गुण कापतात ते टार्गेट) झाकलेली. तिथे मी थांबलो, श्वास घेतला, ट्रिगर अगदी स्वच्छ मागे आणला आणि गोळी सरळ नो-शूटमध्ये, उणे १० पॉइंट. घरी येऊन हिशोब केला तेव्हा कळलं की १० यार्डला दोन इंच म्हणून फिरवलेले ते २० क्लिक २० यार्डला चार इंच होतात, म्हणजे मी ट्रिगर झटकला तर गोळी मध्यावर जात होती आणि नीट मारलं तर बाहेर. उजव्या हाताने मारणाऱ्याचे शॉट डावीकडे खाली गेले तर बहुतेक वेळा तो हाताचा झटका असतो, गोळी सुटायच्या आधीच मनगट खाली ढकललं जातं. ते ड्राय फायरने (रिकाम्या पिस्तुलाचा ट्रिगर दाबायच्या सरावाने) जातं, स्क्रूने नाही. पिस्तूल रिकामं आहे हे दोनदा तपासा, गोळ्या दुसऱ्या खोलीत ठेवा, भिंतीवर एक ठिपका काढा आणि ट्रिगर दाबताना डॉट कुठे उडी मारतो ते बघा, डॉट तुमचा झटका लपवत नाही हा त्याचा सगळ्यात मोठा फायदा आहे.

आता २५ का. बहुतेक डॉटना एक क्लिक म्हणजे एक एमओए (कोनाचं माप), म्हणजे १०० यार्डला साधारण एक इंच, २५ ला पाव इंच आणि १० ला जेमतेम एक दशांश इंच. नाइन एमएमच्या गोळीचं भोकच त्याच्या साडेतीन पट रुंद, मग १० यार्डला चार-पाच क्लिकची चूक ग्रुपमध्ये आरामात लपते. तिथे अर्ध्या इंचाची चूक राहिली की २५ ला सव्वा इंच आणि ५० ला अडीच इंच. उलट बाजूने बघा, डॉट नळीच्या साधारण इंचभर वर बसतो, त्यामुळे २५ ला झिरो केलं तर मॅचच्या नेहमीच्या गोळ्यांना १० यार्डला गोळी तिसरा हिस्सा इंच खाली लागते आणि ५० ला सव्वा इंचाच्या आसपास खाली. टार्गेटचा सगळ्यात जास्त गुणांचा मधला भाग, म्हणजे ए झोन, ६ इंच रुंद आणि ११ इंच उंच, त्यात हा फरक जाणवतसुद्धा नाही. फक्त अगदी जवळ, ५ यार्डावर डोक्याच्या छोट्या चौकोनाला मारताना गोळी अर्ध्या इंचाहून जास्त खाली जाते, तिथे डॉट जरा वर धरायची सवय करा.

करायचं कसं: मॅचला वापरता तीच गोळी घ्या, दुसऱ्या वजनाची गोळी वेगळीकडे लागू शकते. आधी १० यार्डला कागदावर आणा, तिथे फार वेळ घालवू नका. मग २५ ला सँडबॅगवर हात आणि मनगटं टेकवा, स्लाइड कशालाही टेकू देऊ नका. ब्राइटनेस कमी करा, भडक डॉट फुलतो आणि त्याचा मध्य कुठे ते डोळ्याला कळत नाही. डॉट तारा किंवा स्वल्पविरामासारखा दिसत असेल तर मोबाइलने काचेतून फोटो काढा (पिस्तूल रिकामं करूनच), फोटोत गोल आला तर डॉट ठीक आहे, डोळ्याला ॲस्टिग्मॅटिझम आहे. ५ गोळ्यांचा ग्रुप मारा, एखादी स्वतःलाच खराब सुटल्याचं कळलं तर ती सोडून द्या, बाकीच्यांचा मध्य बघा, एक इंच चुकलाय म्हणजे ४ क्लिक. बाण साधारणपणे गोळी कुठे न्यायची ते दाखवतो, डॉट स्वतः काचेत उलट्या बाजूला सरकतो, म्हणून गोंधळ झाला तर आधी चारच क्लिक फिरवून एक ग्रुप मारून बघा. एकेका गोळीमागे क्लिक फिरवत बसलात तर पूर्ण डबा संपेल आणि हाती काही लागणार नाही.

या सगळ्याच्या आधी स्क्रू. आयसोप्रोपाइलने तेल पुसून, निळं लॉकटाइट (स्क्रू ढिला होऊ न देणारा गोंद) अगदी थेंबभर, कंपनीने सांगितलेल्या टॉर्कलाच (आवळायच्या जोराला) आवळा आणि रात्रभर राहू द्या. डॉटचे स्क्रू आणि खालच्या प्लेटचे स्क्रू वेगळे असतात, लोक प्लेटचे विसरतात. काही पिस्तुलांत स्क्रू एखादा मिलिमीटर जरी लांब असला तरी एक्स्ट्रॅक्टरला (पुंगळी बाहेर ओढणारा आकडा) अडतो आणि मग पुंगळ्या अडकायला लागतात, तेव्हा डॉटसोबत आलेलेच योग्य लांबीचे वापरा. स्क्रूच्या डोक्यापासून बॉडीपर्यंत पांढऱ्या पेंट पेनने एक रेघ मारून ठेवा, उद्या ग्रुप भटकायला लागला की क्लिकला हात लावायच्या आधी ती रेघ तुटलीये का ते बघा.

तुमचा डॉट कुठला ते लिहिलं नाहीये, पण जुन्या आरएमआर या मॉडेलसारखी बॅटरी खालून असेल तर सेल बदलायला डॉट काढावाच लागतो, मग परत बसवल्यावर २५ ला ५ गोळ्या मारल्याशिवाय मॅचला जाऊ नका.