वेगवेगळ्या आवडीच्या माणसांना पुस्तकं भेट द्यायची तर कोणती द्यावीत?

तुम्ही विचारलंय: महालक्ष्म्यांना सगळे घरी जमणार आहेत. आजोबा, काकू, शेती करणारा भाऊ, परीक्षेचा अभ्यास करणारी बहीण आणि 11 वर्षांचा भाचा. प्रत्येकाला एकेक पुस्तक द्यायचंय, यादी सांगा. आणि शेवटी जोडलंय, ‘काकू फारसं वाचत नाहीत, त्यांना साडीच घ्यावी का?’

या शेवटच्या ओळीसाठी उत्तर लिहितोय. घरचे लोक ज्या बाईला ‘वाचत नाही’ म्हणतात, ती चातुर्मासात पोथी वाचत असते. तिला वाचक म्हणायचं नाही तर कुणाला म्हणायचं? पोथी नीट उघडून बघा. टाइप मोठा, ओळींत अंतर, अध्याय एका बैठकीत उरकणारा आणि वाक्य तोंडानं म्हणता येईल असं. काकूंचं पुस्तक निवडायचं माप हेच. साडेचारशे पानांची बारीक टाइपातली ऐतिहासिक कादंबरी त्यांच्या हातात दिली तर ती कपाटात जाणारच. दोष काकूंचा नाही, निवडणाऱ्याचा आहे.

त्यांच्यासाठी रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ घ्या. 1971 सालची कादंबरी, हातात सहज मावणारी. गंगाराम शिंप्याच्या घराची ही गोष्ट त्याची बायकोच सांगते, तीही लातूर-धाराशिवकडच्या (पूर्वीचं उस्मानाबाद) बोलीत. चार ओळी वाचल्या की बाई समोर बसून बोलतेय असं वाटतं. देताना नुसतं हातात ठेवू नका. जेवणं झाल्यावर, ओसरीवर सगळे टेकलेले असताना पहिली दोन पानं मोठ्यानं वाचा आणि तिथंच थांबा. खूण घालून पुस्तक काकूंच्या उशाशी ठेवून द्या. बोलीतलं पुस्तक डोळ्यांआधी कानातून आत जातं. जी बोली आपण रोज बोलतो ती छापलेली बघायची डोळ्यांना सवय नसते, म्हणून पहिल्या पानावर माणूस अडखळतो. ऐकल्यावर अडखळत नाही.

यावर आमच्याकडं ठरलेला आक्षेप येतो: ‘गावाकडची भाषा काय भेट द्यायची, ती तर रोजच बोलतो. चांगलं शुद्ध भाषेतलं द्या.’ हा विचार मला साफ चुकीचा वाटतो. परभणीच्या आसाराम लोमटे यांच्या ‘आलोक’ या कथासंग्रहाला 2016 साली साहित्य अकादमी मिळाला. लातूर जिल्ह्यातल्या लक्ष्मण गायकवाडांच्या ‘उचल्या’ या आत्मकथनाला 1988 सालीच मिळाला होता. तरी मराठवाड्यातल्या निरोपसमारंभात टेबलावर आजही त्याच चार-पाच जाड कादंबऱ्या दिसतात. सत्काराच्या माणसाकडं त्यांच्या दोन-दोन प्रती आधीच असतात. आपल्या मातीतलं पुस्तक आहेरात द्यायला कमीपणा वाटतो, हे खरं दुखणं आहे.

बहिणीला ‘आलोक’च द्या. स्पर्धा परीक्षेच्या लेकरांना यशाचा मंत्र सांगणारी पुस्तकं देऊ नका, त्यांच्या टेबलावर तसला उपदेश आधीच खूप असतो. कथा लांब आहेत, पण एका रात्री एक वाचून मिटता येते, आणि कादंबरीसारखा अभ्यासाचा आठवडा जात नाही.

भावाला शेतीचं पुस्तक देऊ नका. तो दिवसभर तेच करतो. ना. धों. महानोरांच्या ‘रानातल्या कविता’ द्या. महानोर सोयगाव तालुक्यातल्या पळसखेडचे, स्वतः शेती केलेले, त्यामुळं त्यांच्या ओळीत पीक आणि पाऊस शोभेला आलेले नसतात. कवितेला सलग वेळ लागत नाही, पाण्याची पाळी धरून बांधावर बसल्या बसल्या दोन कविता होतात.

आजोबा रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, गोष्टी ऐकत वाढलेले असतील तर अनंत भालेराव यांचं ‘हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा’ शोधा. आपला मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 ला, म्हणजे देशानंतर 13 महिन्यांनी, निजामाच्या राजवटीतून मोकळा झाला. ते तपशील त्यात आहेत. फक्त पुस्तक मोठं आहे. आजोबांना वाद घालायला आवडत असेल तर नरहर कुरुंदकरांचं ‘जागर’ बरं. लेख सुटे आहेत, कुठूनही उघडावं.

भाच्याला एक पुस्तक देण्याऐवजी बालभारतीच्या ‘किशोर’ची वर्षाची वर्गणी भरा. हे मासिक 1971 पासून निघतंय. पत्त्यावर भाच्याचंच नाव घाला, बापाचं नको. स्वतःच्या नावानं टपाल येणं ही त्या वयात मोठी गोष्ट असते. हातात काहीतरी द्यायचंच असेल तर भा. रा. भागवतांच्या ‘फास्टर फेणे’मधलं एखादं जोडीला द्या.

आता दुकानात काय बघायचं. पुस्तक दीड-दोन वीत लांब धरा. पानावर 28-30 ओळी असतील तर साठीतल्या डोळ्यांना झेपतं, 36-38 असतील तर नाही. पांढराफेक चकचकीत कागद दिव्याखाली चमकतो, थोडा पिवळसर असलेला बरा. मग पानांचे आकडे बघत पुस्तक सरसर चाळा. छपाई बहुतेक 16 पानांच्या फॉर्मात, म्हणजे एका मोठ्या कागदाच्या घडीत, होते, आणि बांधताना एखादा फॉर्म उलटा लागतो, दोनदा लागतो किंवा राहून जातो. 64 नंतर एकदम 81 दिसलं तर दुसरी प्रत मागा. भेट दिलेल्या पुस्तकातली गळालेली पानं कुणी परत येऊन सांगत नाही, वाचणं तिथंच थांबतं.

बांधणीही बघा. पाठीकडून वरून पाहिलं तर शिवलेल्या पुस्तकात कागदाच्या घड्या वेगवेगळ्या दिसतात आणि घडीच्या मधोमध दोरा असतो. नुसत्या डिंकावर चिकटवलेलं असेल तर पाठ सपाट दिसते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात, त्यातही गाडीच्या काचेखाली राहिलं, तर तो डिंक कडक होतो आणि पुस्तक उघडताना मधूनच तडकतं. पन्नास वेळा उघडलं जाणारं पुस्तक शिवलेलंच घ्या. रस्त्यावर निम्म्या किमतीत मिळणारं, मुखपृष्ठावरची अक्षरं फुटलेली आणि मागचा मजकूर पुढं दिसणारं पुस्तक बहुधा चोरटी छपाई असते. त्यात लेखकाला काहीच मिळत नाही, ते घेऊच नका.

नाव घालायची घाई करू नका. आधी ‘हे तुझ्याकडं आहे का’ एवढं विचारा आणि बिल जपून ठेवा. नसेल तरच पहिल्या कोऱ्या पानावर गाव, तारीख आणि दोन शब्द लिहा. जेल पेनची शाई पातळ कागदातून पाठीमागं उतरते, साधं बॉलपेन वापरा.

एक राहिलं. ‘पाचोळा’चा शेवट जड आहे. घरात नुकतंच कुणी गेलं असेल तर यंदा काकूंना ते देऊ नका, पुढच्या वर्षी द्या. ‘उचल्या’ही कुणाला द्यायचं ते आधी स्वतः वाचून ठरवा. आणि साडी द्यायचीच असेल तर जरूर द्या, फक्त पुस्तकाच्या जागी नको. साडीच्या घडीत पुस्तक ठेवा.