जि.प. शाळेत प्रोजेक्टर लावला, पण दिवसा चित्र फिक्कट दिसते आणि आवाज येत नाही, काय करावं?

सर, आधी खिडक्या पाहा. प्रोजेक्टर खराब नसतो, आपल्याकडचं ऊन खराब असते. आमच्या वर्गात पडदे कुठले, पोत्याचे बारदाने शिवून लावले अन् ज्या भिंतीवर उजेड कमी पडते तिथं पांढरा चुना मारला, पोट्टे म्हणे सर टॉकीज झाली. मशीन भिंतीच्या जरा जवळ घ्या, चित्र लहान होते पण उठून दिसते.

आवाजाचं म्हणाल तर वायर कोणती हाय ते बघा. निळ्या तोंडाची व्हीजीए असन तर तिच्यातून फक्त चित्र जाते, आवाज जातच नाही, लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकातून स्पीकरला वेगळी पिन द्या. एचडीएमआय असन तर आवाज प्रोजेक्टरच्या बारक्या स्पीकरमध्ये जाऊन बसते, मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, मग लॅपटॉपच्या स्क्रीनवर खाली घड्याळाजवळच्या स्पीकरच्या चिन्हावर जाऊन आउटपुट प्रोजेक्टरवरून लॅपटॉपवर घ्या अन् स्पीकरची पिन तशीच हेडफोनच्या भोकात द्या. चित्रच नाही आलं तर कीबोर्डवरचे विंडोज अन् पी बटन सोबत दाबून डुप्लिकेट निवडा.

दिव्यावाला प्रोजेक्टर असन तर बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग उपटू नका, दिवा तापलेला असते. लाइन मधातच गेली तर पंखाही जाते, म्हणून मार्च-एप्रिलमध्ये बॅटरी बॅकअपशिवाय मी तर लावतच नाही.

अन् व्हिडिओ घरूनच उतरवून आणा, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड दीक्षा अ‍ॅपवर स्कॅन होतात. वर्गात रेंज शोधत दारात उभं राहाल तर पोरं काय गप बसतात का.