मुलीच्या पीडीएला 'बटन': कंपनी विचारण्याआधी माप विचारा

ताई, पुढे वाचणाऱ्यांसाठी तुमचा प्रश्न थोडक्यात मांडतो. मुलगी चार वर्षांची, वजन १३ किलो. अंगणवाडीत तपासणीला आलेल्या पथकाला छातीत आवाज ऐकू आला, मग सोलापुरात एको (हृदयाची सोनोग्राफी) झाला. रिपोर्टात 'पीडीए ३.५ मिमी, लेफ्ट टू राइट शंट, ग्रेडियंट ६८, एलए-एलव्ही डायलेटेड' असं आहे आणि पुण्याला जाऊन बिनटाक्याचं बटन बसवून घ्या असं सांगितलंय. घरात दोन तट पडलेत. एक म्हणतो बटन निसटतं, टाक्याचंच ऑपरेशन बरं. दुसरा म्हणतो बटनच, पण अमुक कंपनीचंच. तुम्ही विचारताय, कोणतं घ्यावं?

आधी एक गैरसमज काढू. हे हृदयाचं छिद्र नाही. पोटात असताना बाळाची फुफ्फुसं बंद असतात, म्हणून फुफ्फुसाकडे जाणारं रक्त महाधमनीत वळवणारी एक आखूड नळी असते. जन्मानंतर ती मिटायला हवी, ती उघडी राहिली तर तिला पीडीए म्हणतात. दिवस भरून जन्मलेल्या मुलात पहिल्या काही महिन्यांनंतर ती आपोआप मिटण्याची वाट बघण्यात अर्थ नसतो. औषधाने बंद होते हे ऐकलं असेल, तर ते कमी दिवसांच्या नवजात बाळांपुरतं खरं आहे, चार वर्षांच्या मुलीला लागू नाही. एलए-एलव्ही डायलेटेड म्हणजे फुफ्फुसातून जास्तीचं रक्त परत येऊन हृदयाची डावी बाजू ताणली गेलीय. त्यामुळे बंद करायचं हे नक्की.

रिपोर्टातला ६८ हा आकडा तुमच्या बाजूचा आहे. तो महाधमनी आणि फुफ्फुसाची धमनी यांच्या दाबातला फरक आहे. मुलीचं वरचं बीपी समजा ९६ असेल, तर ९६ वजा ६८, म्हणजे फुफ्फुसातला वरचा दाब साधारण २८. हा जवळपास सामान्यच झाला. हाच फरक १५-२० असता तर दाब चढलेला आहे असं समजून फार सावध व्हावं लागलं असतं. अशा मुलांत हाताच्या आणि पायाच्या बोटाला वेगवेगळं ऑक्सिजन मोजतात. पायाचं कमी आलं तर रक्त उलटं वाहतंय, आणि त्या अवस्थेत वाट बुजवली तर जीवावर बेतू शकतं. तुमच्याकडे तसं दिसत नाही, तरी दोन्हीकडची नोंद करून घ्या. दोन मिनिटांचं काम आहे.

आता बटन. निकेल आणि टायटॅनियमच्या मिश्रधातूच्या, म्हणजे निटिनॉलच्या, बारीक तारांची नळीसारखी वीण असते आणि आत पॉलिएस्टरचं कापड शिवलेलं असतं. सोलापूरकराला विणीचं वेगळं सांगायला नको: अशी वीण दोन्हीकडून ओढली की लांब आणि बारीक होते, सोडली की आखूड आणि जाड. म्हणून १२ मिमीची कड २ मिमीच्या कॅथेटरमधून (शिरेतून हृदयापर्यंत घातलेल्या नळीतून) जाते आणि आत सोडली की पुन्हा मूळ आकारात उघडते. पीडीएचं जुनं, सर्वांत जास्त वापरलेलं बटन अळंबीसारखं असतं. महाधमनीच्या बाजूला रुंद कड, पुढे निमुळतं खोड. खोक्यावर ६/४, ८/६, १०/८ असे जोड आकडे दिसतील. पहिला महाधमनीकडच्या टोकाचा व्यास, दुसरा फुफ्फुसाकडच्या टोकाचा, दोन्ही मिमीमध्ये. कड खोडापेक्षा चौफेर साधारण २ मिमी बाहेर असते, तीच धरून ठेवते.

नियम असा की नळीच्या सर्वांत अरुंद जागेपेक्षा बटनाचं लहान टोक किमान २ मिमी मोठं हवं. अरुंद जागा ३ मिमी भरली तर ८/६, कारण ६/४ चं लहान टोक फक्त १ मिमीच जास्त ठरतं. एकोवरचे ३.५ मिमी हे शेवटचं माप मानू नका. एकोत रंगाचा पट्टा खऱ्या वाटेपेक्षा रुंद दिसू शकतो. खरं माप कॅथलॅबमध्ये (हे काम होतं त्या खोलीत) महाधमनीत डाय, म्हणजे क्ष-किरणात उठून दिसणारं औषध, सोडून, बाजूने घेतलेल्या चित्रावर करतात. त्याच चित्रावर आकारही कळतो. तुतारीसारखी, फुफ्फुसाकडे निमुळती होत गेलेली नळी सर्वांत सोपी. आखूड खिडकीसारखी किंवा दोन्ही टोकांना सारखी रुंद नळी अवघड, कारण कड अडकायला ओठच नसतो.

"निसटतं" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच असतं, कंपनीत नाही. एक, लहान माप घेतलं. दोन, नळीला आकडी आली. कॅथेटरचा स्पर्श झाला की ही नळी कधीकधी आवळते, मग ३ मिमीची जागा चित्रात १.५ दिसते. त्या मापाचं बटन बसवलं की तासाभरात नळी सैल पडते आणि बटन वाहून जातं. म्हणून एको आणि डायच्या मापात मोठी तफावत आली तर जाणकार माणूस थांबतो, थोड्या वेळाने पुन्हा डाय सोडतो. बटन निसटलंच तर बहुधा फुफ्फुसाच्या धमनीत जातं, आणि तेही टेबलावरच किंवा पहिल्या चोवीस तासांत. तारेच्या फासाने बटनाचा स्क्रू पकडून ते कॅथेटरमधून बाहेर ओढता येतं. त्यासाठी बसवतानापेक्षा एक-दोन फ्रेंच मोठी नळी लागते (१ फ्रेंच म्हणजे एक तृतीयांश मिमी). ऑपरेशनची पाळी क्वचितच येते.

प्रत्यक्ष काम असं चालतं. दूध आणि जेवण सहा तास आधी बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत चालतं. एप्रिल-मेमध्ये सोलापुरातून निघणार असाल तर आदल्या दिवशीच पुण्यात पोचा आणि मुलीला भरपूर पाणी पाजा. उन्हाने सुकलेल्या मुलाची शीर मिळणं कठीण जातं आणि डायचा भारही मूत्रपिंडावर पडतो. मांडीच्या शिरेतून एक नळी, बहुधा शेजारच्या धमनीतून दुसरी. रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन किलोला ५० ते १०० युनिट, म्हणजे तुमच्या मुलीला ६५० ते १३००. शिरेतून हृदयाच्या उजव्या बाजूने फुफ्फुसाच्या धमनीत, तिथून पीडीए ओलांडून खालच्या महाधमनीत तार जाते, तारेवरून लांब नळी. बटन एका दांड्याच्या टोकाला स्क्रूने जोडतात आणि पाण्याखाली धरून आतली हवा काढतात. हवेचा बुडबुडा रक्तात जाणं हा चुकीमुळे होणारा आणि टाळता येणारा धोका आहे, म्हणून इथे घाई नको. महाधमनीत फक्त कड उघडतात, मागे ओढून ती नळीच्या तोंडाशी टेकवतात आणि मग खोड नळीत उघडतात.

आणि इथेच सगळं ठरतं. दांडा अजून जोडलेला असतो. पुन्हा डाय सोडून बघतात, दांडा हलका ओढून बटन जागचं हलतं का पाहतात, महाधमनीत वर-खाली दाब मोजतात. काही पटलं नाही तर बटन तसंच कॅथेटरमध्ये परत ओढून दुसरं माप घेता येतं. दांड्यावरची प्लास्टिकची पकड उलटी फिरवली की स्क्रू सुटतो, त्यानंतर मात्र परतीचा रस्ता फासाचाच. डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारा: त्या दिवशी टेबलाशेजारी एक माप वरचं आणि एक माप खालचं ठेवलेलं असेल ना? माझ्या मते कोणती कंपनी यापेक्षा हा प्रश्न दहापट मोलाचा.

लगेच काढलेल्या चित्रात कापडातून धुरासारखा डाय पाझरताना दिसला तर घाबरू नका. बहुधा काही मिनिटांत, नाहीतर दुसऱ्या दिवसाच्या एकोपर्यंत थांबतो. बाजूने जोरात धार येत असेल तर गोष्ट वेगळी. जाळीतून वेगाने जाणाऱ्या धारेत तांबड्या पेशी फुटतात. मुलीची लघवी कोऱ्या चहासारखी काळसर झाली, चेहरा पांढरा पडला, तर त्याच दिवशी फोन करा. घरी ओळखता येणारी हीच सर्वांत महत्त्वाची खूण.

दुसरी खूण पायाची. धमनीत नळी घातलेला पाय सहा तास सरळ ठेवायचा असतो, आणि चार वर्षांच्या पोरीला तसं निजवणं हे आईचं काम. तो पाय दुसऱ्यापेक्षा गार किंवा फिका वाटला तर लगेच नर्सला दाखवा. धमनी आवळल्याने किंवा तिथे गुठळी झाल्याने नाडी मंदावलेली असू शकते, आणि त्यावर हेपॅरिन वेळेत दिलेलं बरं. जांघेत गाठ फुगली तर बोटांनी घट्ट दाबून धरायची आणि हाक मारायची.

दुसऱ्या दिवशी एकोत तीन गोष्टी बघतात: गळती, डाव्या फुफ्फुसाच्या धमनीतला वेग, खालच्या महाधमनीतला वेग. बटन दोन्हीकडे जरा डोकावतं म्हणून हे मोजायचं. आठ-दहा किलोच्या आतल्या बाळात अडथळ्याची धास्ती खरी असते, १३ किलोला बरीच कमी. सगळं ठीक असेल तर संध्याकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनेही परत येता येईल. मग एक महिना, सहा महिने, वर्ष असे एको. महिनाभर उड्या, मारामारी नको. जानेवारीत काम झालं तर गड्ड्यातले (सिद्धेश्वर यात्रेतले) पाळणे या वर्षी चुकवा. अ‍ॅस्पिरिन पीडीएला सहसा लागत नाही. कोणी सहा महिने घ्या म्हणत असेल तर ते एएसडीच्या (हृदयाच्या वरच्या कप्प्यांमधल्या छिद्राच्या) बटनाचं सांगतायत, दोन्हींची गल्लत नेहमी होते.

दात आधी तपासून घ्या. किडलेली दाढ असेल तर बटनाच्या आधीच काम उरका. नंतरच्या सहा महिन्यांत हिरड्यांतून रक्त येईल असं काही करायचं झालं तर तासभर आधी अमॉक्सिसिलिन किलोला ५० मिग्रॅ, म्हणजे ६५०. जाण्याच्या दिवशी ताप-खोकला असेल तर तारीख पुढे ढकला.

टाक्याच्या ऑपरेशनबद्दल. ते वाईट नाही. १९३८ साली बोस्टनमध्ये रॉबर्ट ग्रॉस यांनी पहिल्यांदा यशस्वीपणे ही नळी बांधली, हृदय थांबवावंही लागत नाही. पण छातीच्या डाव्या बाजूला चीर, काही दिवस दवाखाना, आणि शेजारून जाणाऱ्या स्वरयंत्राच्या नसेला धक्का लागून आवाज घोगरा होण्याची शक्यता. फार छोट्या बाळातली मोठी नळी किंवा जंतुसंसर्ग झालेली नळी, अशा वेळी तेच योग्य. तुमच्या मुलीला त्याचं कारण दिसत नाही. उलट अरुंद जागा २ मिमीच्या आत भरली, तर बटनाऐवजी धागे लावलेली तारेची कॉइलही (गुंडाळीही) चालते, ती खूप स्वस्त पडते.

पैशांचं: मुलगी अंगणवाडीच्या पथकाने शोधलीय, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची नोंद झालेली असणार. ती चिठ्ठी घेऊन जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात जा, नाहीतर सिव्हिलमध्ये विचारा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रेशनकार्ड, आधार, मुलीचा जन्मदाखला आणि एकोचा मूळ कागद न्या. पुण्याच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राकडून (योजनेच्या माणसाकडून) आधी मंजुरी मिळवा आणि मगच भरती व्हा. आधी रोख भरून नंतर योजनेत बसवणं फार कटकटीचं होतं.

आणि कंपनी. अ‍ॅम्प्लॅट्झर असो, टायटॅनियम नायट्राइडचा लेप दिलेलं सेरा असो की प्लॅटिनमचा लेप असलेलं ककून, तत्त्व एकच आहे. ज्या डॉक्टरांचा हात ज्यावर बसलाय ते घ्या. लेपाचा विचार एवढ्यासाठी करा: मुलीला किंवा तुम्हाला खोट्या दागिन्यांनी कान चिघळायची सवय असेल तर निकेलचं आधी सांगून ठेवा. बटनाच्या खोक्यावरचा स्टिकर, ज्यावर माप आणि लॉट नंबर असतो, तो फाइलला लावतात. त्याचा फोटो काढून ठेवा. पुढे कधी एमआरआय करायची वेळ आली तर तिथला माणूस पहिल्यांदा तोच मागेल.