उसाच्या शिळ्या रसातील डेक्स्ट्रान (जीवाणूंनी साखरेपासून बनवलेला चिकट, लांब साखळीचा पदार्थ) तोडणारे एन्झाइम नॅनोतंतूंच्या पटलावर नुसते शोषून बसवावे, की आधी त्यावर पॉलिमर-साखळ्या वाढवाव्यात?

आधी साखळ्या वाढवाव्यात, कारण नुसते शोषलेले हे एन्झाइम (डेक्स्ट्रानेज) वाहत्या रसाबरोबर हळूहळू धुपून जाते आणि पटल पुन्हा वापरण्याचा हेतूच फसतो. मी पॉलिमर रसायनशास्त्र शिकवतो, त्या आधारावर लिहितो. सेल्युलोज असिटेटचे इलेक्ट्रोस्पिनिंगने (उच्च विद्युतदाबाने द्रावणातून ओढून) काढलेले तंतू सौम्य अल्कलीत ठेवले की हायड्रॉक्सिल गट मोकळे होतात. त्यांवर ब्रोमीनयुक्त आरंभक (जिथून साखळी वाढू लागते तो रेणू) जोडून एटीआरपी या तांब्याच्या उत्प्रेरकावर चालणाऱ्या, साखळ्या वाढवण्याच्या नियंत्रित पद्धतीने (ती 1995 मध्ये प्रसिद्ध झाली) ग्लायसिडिल मेथॅक्रिलेटच्या साखळ्या वाढवता येतात. त्यांची लांबी मुख्यतः अभिक्रियेच्या वेळेवर, तर दाटी आरंभकाच्या प्रमाणावर ठरते, आणि या दोन्ही गोष्टी आपल्या हातात राहणे हाच या पद्धतीचा खरा लाभ आहे. साखळीवरील इपॉक्सी गट एन्झाइममधील लायसिन या अमिनो आम्लाच्या अमिनो गटांशी सहसंयुज (पक्का रासायनिक) बंध करतात. त्यापूर्वी तांब्याचा उत्प्रेरक ईडीटीए या धातू पकडणाऱ्या रसायनाच्या द्रावणाने कसोशीने धुवावा. उरलेले तांबे एन्झाइमला बाधक ठरू शकते.

मात्र डेक्स्ट्रानचा रेणू फार मोठा असतो, त्यामुळे साखळ्या अति दाट झाल्या तर तो आत पोहोचत नाही आणि एन्झाइम भरपूर बसूनही काम कमी होते. म्हणून विरळ आणि मध्यम लांबीच्या साखळ्यांपासून सुरुवात करावी, आणि चाचणी शुद्ध द्रावणापुरती न ठेवता बेळगाव जिल्ह्यातील चिकोडी-अथणीकडच्या, तोडणीनंतर दोन दिवस पडून राहिलेल्या उसाच्या रसावरच करावी.