लह्मा म्हणजे भाकरी

प्रश्न : ताई, अलिबागजवळच्या आमच्या गावात पूर्वी बरीच बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंची, घरं होती. शेजारच्या आजी इस्रायलला जाताना आईकडे एक पत्र्याची पेटी ठेवून गेल्या. त्यात त्यांच्या सासूबाईंचा केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा आहे. तो अरामी भाषेत असतो, असं त्या सांगायच्या. परवा कळलं की सीरियातल्या मालूला नावाच्या डोंगरी गावात अजून अरामी बोलतात. ती तिथेच कशी टिकली? युद्धानंतर काही उरलंय का? आणि तिथल्या माणसाला हा केतुबा वाचता येईल का?
— एक वाचक, अलिबाग तालुका

उत्तर : तुमचं पत्र वाचून मला मालूलातली एक दुपार आठवली. अरबी शिकायला मी वर्षभर दमास्कसमध्ये होते, तेव्हाची. दमास्कसच्या ईशान्येला साधारण 55 किलोमीटरवर, कलमून डोंगरात, सुमारे 1500 मीटर उंचीवर हे गाव आहे. कड्याला घरं अशी बिलगलेली की खालच्या घराचं धाबं ते वरच्याचं अंगण. एका आजींनी मला आत बोलावलं, समोर भाकरी ठेवली आणि म्हणाल्या, ‘लह्मा’. मी गोंधळले. अरबीत ‘लह्म’ म्हणजे मांस! त्या हसल्या आणि एकेक वस्तू दाखवत गेल्या. पाणी ‘मोया’, घर ‘पयता’. अरबीत घराला ‘बैत’ म्हणतात. इथे ‘ब’चा ‘प’ झालाय.

अरामी ही पश्चिम आशियातली प्राचीन भाषा, अरबी आणि हिब्रूच्या नात्यातली. एके काळी ती डोंगरात लपलेली मुळीच नव्हती. इराणच्या प्राचीन हखामनी साम्राज्याचा कारभार अरामीत चाले. अशोकाने कंदाहारला कोरलेला लेखही ग्रीक आणि अरामी अशा दोन भाषांत आहे. सातव्या शतकानंतर अरबी पसरली, अरामी मागे हटत गेली आणि तिची ही पश्चिमेकडची बोली शेवटी कलमूनमधल्या तीन गावांपुरती उरली : मालूला, जुब्बादीन आणि बखा.

ती टिकली ख्रिस्ती धर्मामुळे, असं बरेचजण सांगतात. मला ते पटत नाही. मालूला बहुतांशी ख्रिस्ती आहे, पण जुब्बादीन आणि बखा मुसलमानांची गावं, आणि तिथेही घराघरात हीच भाषा. मालूलातल्या प्रार्थनाही मुख्यतः अरबीतच होतात. डोंगराचा आडोसा होता, गावं एकमेकांना लागून होती, आणि आया मुलांशी याच भाषेत बोलत राहिल्या. माझ्या मते खरं कारण हे शेवटचं.

गावाचा इतिहास त्या कड्यातच वाचता येतो. कोरलेल्या प्राचीन गुहा आणि थडगी आहेत. वर मार सर्किसचा मठ आहे (‘मार’ म्हणजे संत). तिथल्या संगमरवरी वेदीला परातीसारखी उभी कड आहे. अशी कड ख्रिस्तपूर्व पंथांच्या वेदींना असे, म्हणून ही वेदी इसवी सन 325च्या नायसिया इथल्या ख्रिस्ती धर्मपरिषदेआधीची मानतात. खाली मार तक्लाचा, जोगिणींचा मठ. संत तक्लाच्या मागे सैनिक लागले तेव्हा डोंगर दुभंगला आणि तिला वाट मिळाली, ही तिथली कथा. त्या अरुंद घळीतून मी चालले आहे. दोन्ही हात पसरले की दोन्हीकडचा दगड लागतो, अशाही जागा तिथे आहेत. गावाच्या नावाचं मूळही ‘प्रवेश’ अशा अर्थाच्या अरामी शब्दात सांगतात.

भाषेची गळती मात्र युद्धाच्या आधीपासूनची. शाळा अरबी, नोकऱ्या दमास्कसला. हिवाळ्यात गाव ओस पडे, उन्हाळ्यात आणि सप्टेंबरमधल्या क्रुसाच्या सणाला परत भरे. त्या रात्री कड्यांवर जाळ पेटवतात. दमास्कस विद्यापीठाने इथे अरामीचे वर्गही सुरू केले होते. पण 2010 मध्ये त्यांची चौकोनी लिपी हिब्रूसारखी दिसते म्हणून वाद झाला आणि वर्ग थांबले. मला याचं फार वाईट वाटलं, कारण ती चौकोनी लिपी मुळात ज्यूंनीच अरामीकडून घेतलेली.

मग सप्टेंबर 2013 मध्ये अल-नुस्रा या अल-कायदाशी जोडलेल्या गटाच्या बंडखोरांनी गावावर हल्ला केला. लोक पळाले. डिसेंबरमध्ये त्यांनी मार तक्लाच्या जोगिणींना पळवून नेलं, त्या मार्च 2014 मध्ये सुटल्या. एप्रिलमध्ये सरकारी सैन्याने गाव परत घेतलं, तोवर मठांतली जुनी चित्रं लुटली गेली होती आणि ती वेदीही फोडली होती. पुढे डागडुजी झाली, बरीच कुटुंबं परतली, पण सगळी नाही. बखाची तर फारच वाताहत झाली. दमास्कसला वाढलेल्या नातवंडाला आजीचं बोलणं समजतं, उत्तर ते अरबीत देतं. मला खरी भीती याची वाटते.

आता तुमचा केतुबा. तो हिब्रू अक्षरांत असणार आणि त्याची अरामी कैक शतकं जुनी, कायद्याच्या साच्यातली. मालूलातल्या माणसाला लिपी वाचता येणार नाही. पण कोणी मोठ्याने वाचून दाखवला तर मधला एखादा शब्द त्याला ओळखीचा वाटेल. वाचून घ्यायचा असेल तर अलिबागच्या सिनेगॉगमध्ये, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात विचारा. त्याआधी कागद पेटीतून काढून सपाट ठेवा, उजेडात फोटो घ्या, आणि कृपा करून तो लॅमिनेट करू नका. आजींचा पत्ता असेल तर पहिला फोटो त्यांना पाठवा.